टेकआउट डबल : पार्टनर विचारतोय, उत्तर द्या

मागच्या धड्यात आपण प्रतिस्पर्ध्यांनी बोली सुरू केल्यावर स्वतःचा पाच पानी रंग कसा सांगायचा ते पाहिलं. आज त्याच जागेवरचं दुसरं हत्यार, टेकआउट डबल. शिकणाऱ्यांना हा विषय सोपा वाटतो, आणि टेबलावर सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. गंमत म्हणजे डबल देणारा जेवढ्या चुका करतो त्याहून जास्त चुका त्याच्या समोर बसलेला करतो. म्हणून या लेखात मी डबल देणाऱ्याला थोडी आणि उत्तर देणाऱ्याला जास्त जागा देणार आहे.

आधी एक डाव मांडून ठेवा. शक्य असेल तर खरोखरच पत्ते घ्या आणि चार ढीग करा. नुसतं वाचून ब्रिज डोक्यात शिरत नाही, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेलच.

पश्चिम : इस्पिक राजा, ३. बदाम एक्का, राजा, राणी, १०, ९, ५. चौकट एक्का, १०. किलवर एक्का, ८, ४.
उत्तर : इस्पिक एक्का, राणी, १०, ४. बदाम ६. चौकट राजा, राणी, ८, ४. किलवर राजा, गुलाम, ६, ३.
पूर्व : इस्पिक गुलाम, ८, ७. बदाम गुलाम, ३, २. चौकट ९, ७, ५, २. किलवर राणी, १०, ७.
दक्षिण : इस्पिक ९, ६, ५, २. बदाम ८, ७, ४. चौकट गुलाम, ६, ३. किलवर ९, ५, २.

तुम्ही दक्षिण. पश्चिमेनं ‘एक बदाम’ म्हटलं, तुमच्या पार्टनरनं, म्हणजे उत्तरेनं, लाल फुलीचं कार्ड टाकलं, पूर्व पास. आता तुमची पाळी. हातात एक गुलाम आहे, बाकी सगळा पाला. मनात पहिला विचार काय येतो? ‘माझ्याकडे काहीच नाही, मी कशाला तोंड उघडू?’ आणि हिरवं कार्ड टेबलावर येतं.

झालं! तीन पास लागोपाठ आले की बोली संपली. ठेका ठरला ‘एक बदाम, डबल’. पश्चिमेला बदामाचे सहा हात सरळ मिळतात, चौकटीचा एक्का मिळतो, किलवरचे दोन. नऊ हात. सातची गरज होती, दोन जास्त झाले. वल्नरेबल नसतानाही त्यांच्या खात्यात ३६० पडले. तुम्ही ‘एक इस्पिक’ म्हणाला असतात तर पश्चिमेला ‘दोन बदाम’ म्हणून पुढे जावं लागलं असतं, तेच नऊ हात झाले असते आणि त्यांना मिळाले असते १४०. पानं तीच, हात तेवढेच. फरक एका हिरव्या कार्डाचा.

त्यात पार्टनरचा चेहरा पाहण्यासारखा होतो तो वेगळाच. त्यानं प्रश्न विचारला होता आणि तुम्ही न ऐकल्यासारखं केलंत.

हा प्रश्न नेमका काय आहे ते नीट समजून घेऊ. डबल म्हणजे मुळात ‘तुम्ही हा ठेका करू शकणार नाही, दुप्पट गुण लावा’ असं आव्हान. पण कुणी ‘एक बदाम’ इतकी खालची बोली लावली असताना तिला आव्हान देण्यासारखी पानं किती वेळा येतात? जवळजवळ नाहीच. मग ही फुली खालच्या पातळीवर नुसती पडूनच राहणार. ऑक्शन ब्रिजच्या काळात, १९१० च्या दशकात, अमेरिकेतल्या खेळाडूंच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी या रिकाम्या बोलीला नवा अर्थ दिला : ‘त्यांच्या रंगात माझ्याकडे पानं कमी आहेत, बाकीचे तिन्ही रंग मला चालतील, पॉइंटही आहेत. तुझा रंग कुठला ते सांग.’ पुढे कॉन्ट्रॅक्ट ब्रिज आला तरी हा अर्थ टिकला. आज जगात कुठेही अनोळखी माणसाबरोबर खेळायला बसलात तरी त्याला हा डबल समजतो.

लहानपणी मेंढीकोट खेळताना भिडूला डोळ्यांनी खुणा करून मार खाल्लेले वाचक इथे असतीलच. टेकआउट डबल ही तशीच खूण आहे, फक्त कायदेशीर आणि सगळ्यांना ठाऊक असलेली. त्यामुळे तो देताना आवाज चढवायचा नाही, कार्ड आपटायचं नाही, अर्धा मिनिट छताकडे बघायचं नाही. अर्थ बोलीत असतो, हावभावात असता कामा नये. नियमच आहे तसा.

मग हा डबल टेकआउटचा की शिक्षेचा, हे ओळखायचं कसं? पार्टनरनं अजून काही बोली लावलेली नाही (पास चालतो), त्यांची बोली एखाद्या रंगाची आणि खालच्या पातळीवरची आहे, आणि डबल देणाऱ्यानं पहिल्याच संधीला दिलाय. एवढं जुळलं की टेकआउट समजा. ‘एक नो ट्रम्प’वरचा डबल यात बसत नाही, तो बहुतेक जण शिक्षेचाच धरतात. ‘चार इस्पिक’सारख्या उंच बोलीवरच्या डबलचं काय, ते पार्टनरशी आधी बोलून ठेवा.

आता डबल देणाऱ्याकडे वळू. इथली सगळ्यात मोठी गैरसमजूत अशी की ‘माझ्याकडे ओपनिंगचे पॉइंट आहेत, चला डबल देऊ.’ नाही. पॉइंटांच्या आधी पानांची ठेवण बघायची. दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवतो. तुमच्या उजवीकडच्यानं ‘एक बदाम’ म्हटलंय.

पहिली पानं : इस्पिक एक्का, गुलाम, ७, ३. बदाम ५. चौकट राजा, १०, ८, ४. किलवर राणी, गुलाम, ९, ३. पॉइंट फक्त ११.
दुसरी पानं : इस्पिक ७, ५. बदाम एक्का, ८, ४. चौकट एक्का, राजा, गुलाम, ७, ३. किलवर राजा, ६, २. पॉइंट १५.

डबल द्यायचा तो पहिल्या पानांवर, दुसऱ्यांवर नाही. वर्गात हे सांगितलं की हमखास कुणीतरी चिडतं, ‘सर, पंधरावर गप्प बसायचं आणि अकरावर बोलायचं?’ गप्प बसा असं कुठे म्हटलं? दुसऱ्या पानांवर सरळ ‘दोन चौकट’ म्हणा, तोच तुमचा रंग आहे. पण तिथे डबल दिलात आणि समोरच्याकडे चार-पाच इस्पिक निघाली, तर तो आनंदानं इस्पिक सांगेल, जोरदार पानं असतील तर थेट ‘चार इस्पिक’वर जाईल, आणि डमी म्हणून तुम्ही इस्पिकची सत्ती आणि पंजी टेबलावर मांडाल. तेव्हा तुमचे १५ पॉइंट त्याच्या काय कामाचे! उलट पहिल्या पानांवर तो काहीही म्हणाला तरी चार पानांचा आधार तयार आहे, शिवाय बदामात एकच पान असल्यामुळे दुसऱ्या फेरीपासून तुरूप मारता येते.

म्हणून डबल देण्याआधी स्वतःला एकच विचारा : पार्टनरनं मला सगळ्यात नको असलेला रंग सांगितला तर मी सुखानं डमी मांडू शकेन का? उत्तर ‘हो’ असेल तर द्या डबल. न बोललेल्या प्रत्येक रंगात निदान तीन पानं, न बोललेल्या मेजरमध्ये शक्यतो चार, त्यांच्या रंगात दोन किंवा कमी, आणि साधारण १२ पॉइंट. ठेवण सुंदर असेल तर ११ चालतात, ठेवण ओबडधोबड असेल तर १४ सुद्धा कमी पडतात.

याला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. पानं इतकी जोरदार असतात की नुसता रंग सांगून भागत नाही. उदाहरणार्थ इस्पिक एक्का, राजा, गुलाम, १०, ६, ४. बदाम ७, ३. चौकट एक्का, राणी, ५. किलवर एक्का, ४. हे १८ पॉइंट झाले. इथे ‘एक इस्पिक’ म्हटलंत तर पार्टनर सात-आठ पॉइंटांवर पास करेल आणि गेम हुकेल. म्हणून आधी डबल द्या. तो ‘दोन किलवर’ म्हणाला की मग ‘दोन इस्पिक’ म्हणा. याचा अर्थ, ‘मला तुझा रंग नको होता, माझा स्वतःचा रंग आहे आणि पानं भारी आहेत.’ समोरच्यानं इथे राग मानायचा नाही. पुष्कळ जण ‘मी किलवर सांगितलं ना!’ म्हणून परत तीन किलवर म्हणतात आणि भांडण सुरू होतं.

बरं, आता आपल्या खऱ्या विषयाकडे, म्हणजे उत्तराकडे.

पहिली गोष्ट वरच्या डावात पाहिलीच. उजवीकडचा पास झाला असेल तर तुम्हाला बोलावंच लागतं. पानं जितकी वाईट तितकं बोलणं जास्त गरजेचं, कारण तेवढाच त्यांचा डबल झालेला ठेका सहज होणार. हे ऐकायला उलटं वाटतं, पण एकदा ३६० लिहून दिले की कायमचं लक्षात राहतं. उजवीकडच्यानं मध्येच काही बोली लावली, समजा ‘दोन बदाम’, तर मात्र तुमच्यावरचं ओझं उतरलं. डबल आपोआप पुसला गेला, पार्टनरला पुन्हा पाळी मिळणार आहे. मग कमजोर पानांवर खुशाल पास करा. अशा वेळी स्वतःहून बोललात तर त्याचा अर्थ, ‘थोडंफार आहे माझ्याकडे.’

दुसरी गोष्ट. सक्तीनं दिलेल्या उत्तराला पॉइंटांचा काही अर्थ नसतो. शून्यावरही ‘एक इस्पिक’ आणि आठवरही ‘एक इस्पिक’. मग दहा असतील तर? तर पार्टनरला ते कळवलं पाहिजे, आणि कळवायचा मार्ग एकच, एक पायरी उडी मारायची. ९ ते ११ पॉइंट असतील तर ‘एक इस्पिक’ऐवजी ‘दोन इस्पिक’. पाच पानी मेजर आणि १२ वगैरे असतील तर विचारत बसू नका, ‘चार इस्पिक’ म्हणून मोकळे व्हा. नवशिके इथे लाजतात. दहा पॉइंट घेऊन बारीक आवाजात ‘एक इस्पिक’ म्हणतात, पार्टनर त्यांना भिकारी समजून पास करतो, आणि डाव संपल्यावर दहा हात झालेले असतात. शून्यावर गप्प बसणं आणि दहावर कुजबुजणं, दोन्ही एकाच घरातल्या चुका. डबल देणाऱ्याला तुमची पानं दिसत नाहीत, तुमची बोली दिसते.

पॉइंट मोजताना एक खाचखळगा आहे. ‘एक बदाम’, डबल, पास झाल्यावर ही दोन पानं बघा.

एक : इस्पिक राजा, ९, ७, ५. बदाम राणी, गुलाम, ३. चौकट राणी, ८, ६. किलवर गुलाम, ७, ४.
दोन : इस्पिक राजा, राणी, ९, ७, ५. बदाम ८, ६, ३. चौकट एक्का, ६. किलवर ७, ५, ४.

दोन्हीकडे बरोबर ९. पण पहिल्यातली बदामाची राणी-गुलाम ही जोडी फुकट आहे. पार्टनरकडे बदाम एखादं-दुसरंच असणार, आणि एक्का-राजा ओपनरकडे, तुमच्या नंतर खेळणाऱ्याकडे. ते तीन पॉइंट मोजूच नका, म्हणा ‘एक इस्पिक’. दुसऱ्या पानांत मात्र प्रत्येक चित्र कामाच्या जागी आहे, वर पाचवं इस्पिकही आहे. तिथे ‘दोन इस्पिक’ म्हणायला मी क्षणभरही थांबणार नाही.

रंग निवडताना मेजर आधी. चार इस्पिक आणि पाच किलवर असतील तर ‘एक बदाम’वरच्या डबलला उत्तर ‘एक इस्पिक’. पार्टनरनं डबल दिलाय तो बहुतेक वेळा इस्पिक सापडावं म्हणूनच, शिवाय किलवर सांगायला दोनच्या पातळीवर जावं लागतं.

त्यांच्या रंगात अडवणारं पान भक्कम असेल, चार पानी मेजर नसेल आणि ६ ते १० पॉइंट असतील तर ‘एक नो ट्रम्प’. हे पळवाट म्हणून वापरू नका. शून्य-दोन पॉइंटांवर ‘एक नो ट्रम्प’ म्हणजे आत्महत्या. अगदी अडचणीची वेळ कधी येते? चार पानी रंग एकच आणि तोही नेमका त्यांचाच असेल तेव्हा. ‘एक इस्पिक’, डबल, पास, आणि तुमच्याकडे इस्पिक ९, ७, ५, ३. बदाम ८, ६, ४. चौकट गुलाम, ७, २. किलवर १०, ६, ४. घाम फुटतो खरा. तरीही पास नाही. सगळ्यात स्वस्त तीन पानी रंग सांगा, ‘दोन किलवर’. पार्टनरकडे किलवर निदान तीन आहेत, बहुधा चार. पडलंच तर डबल न होता पडेल.

पानं जोरदार आहेत पण कुठला मेजर ते ठरत नाही, असंही होतं. ‘एक चौकट’, डबल, पास आणि तुमच्याकडे इस्पिक राजा, राणी, ७, ४. बदाम एक्का, गुलाम, ६, ५. चौकट ८, ३. किलवर राणी, ९, २. बारा पॉइंट आहेत, गेम दिसतोय. मग त्यांचाच रंग सांगा, ‘दोन चौकट’. चौकट खेळायची इच्छा नाही, हा उलट प्रश्न आहे : ‘गेमच्या दिशेनं जाऊ, तुझा मेजर कुठला ते आता तू सांग.’ पहिल्यांदा हे करताना छातीत धडधडतं, कारण पार्टनर इथेच पास झाला तर काय, ही भीती असते. त्याच्याशी हे आधी बोलून घ्या म्हणजे झालं.

मग डबलवर पास कधीच करायचा नाही का? करायचा, पण एकाच कारणासाठी : त्यांच्याच रंगात तुमच्याकडे लांब आणि सलग भारी पानं आहेत आणि त्यांना पाडायचं आहे. नुसती लांब चालत नाहीत. ओपनर तुमच्या नंतर खेळतो, त्यामुळे राजा, गुलाम, ६, ४, २ असली पानं तो एकेक करून पकडतो. राणी, गुलाम, १०, ९, ८ असं काहीतरी हवं. आणि असा पास आला की डबल देणाऱ्यानं हुकुमाचीच उतारी करायची. आपण हुकूम काढून घेत आहोत, जणू ठेका आपलाच आहे. एकच पान असलं तरी तेच उतरा.

आता पुन्हा डबल देणाऱ्याची पाळी येते, आणि इथे हाव सुटते. तुम्ही १३ पॉइंटांवर डबल दिलात, पार्टनर म्हणाला ‘एक इस्पिक’, तुमच्याकडे चार इस्पिक आहेत. हात शिवशिवतो ‘दोन इस्पिक’साठी. थांबा. तुमचे १३ पॉइंट आणि इस्पिकचा आधार तुम्ही डबल देतानाच सांगून झालात. तेच पुन्हा सांगायचं नाही. समोर शून्य असू शकतं. १५ पर्यंत पास. १६ ते १८ असतील तर ‘दोन इस्पिक’, त्याहून जास्त असतील तर ‘तीन’. पार्टनरनं उडी मारली असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा त्याचे नऊ-दहा धरून बेरीज करा. उत्तर देणाऱ्यांनो, हेही लक्षात घ्या : तुमच्या साध्या ‘एक इस्पिक’वर त्यानं ‘दोन’ म्हटलं तर त्याच्याकडे खरंच काहीतरी आहे. तुमच्याकडे सात-आठ असतील तर ते आता बाहेर काढा.

तुमच्या सरावासाठी पाच पानं देतो. पहिल्या चारांत बोली झाली आहे ‘एक चौकट’, पार्टनरचा डबल, पास. पाचव्यात तुमच्या उजवीकडच्यानं ‘एक इस्पिक’ने सुरुवात केली आहे आणि पाळी तुमची आहे. खालची उत्तरं आधी झाकून ठेवा.

(क) इस्पिक गुलाम, ६, ४. बदाम ९, ७, ५, २. चौकट ८, ५. किलवर राणी, ८, ६, ३.
(ख) इस्पिक एक्का, राणी, ९, ६, ३. बदाम ८, ४. चौकट ७, ६, २. किलवर राजा, गुलाम, ५.
(ग) इस्पिक ८, ५. बदाम राणी, ६, ४. चौकट राजा, गुलाम, ९, ३. किलवर गुलाम, ८, ७, २.
(घ) इस्पिक ७, ४. बदाम एक्का, ३. चौकट राणी, गुलाम, १०, ९, ८, ६. किलवर राजा, ५, २.
(ङ) इस्पिक राणी, गुलाम, ८, ४. बदाम राजा, ६. चौकट एक्का, गुलाम, ७, ५. किलवर राणी, ८, ३.

उत्तरं. (क) ‘एक बदाम’. किलवर दिसायला बरं आहे, पण मेजर आधी आणि तोही एकच्या पातळीवर. नव्वीवरून बोली लावायची लाज वाटू देऊ नका. (ख) ‘दोन इस्पिक’. दहा पॉइंट, पाच पानं, उडी. ‘एक इस्पिक’ लिहिलं असेल तर कुजबुजणारा परिच्छेद पुन्हा वाचा. (ग) ‘एक नो ट्रम्प’. चौकट दोनदा अडवता येते, चार पानी मेजर नाही, पॉइंट सात. (घ) पास, आणि मनातल्या मनात हसू. पार्टनर चौकट उतरेल. (ङ) हाही पास. १३ पॉइंट आहेत, पण इस्पिक त्यांचा रंग आणि तो तुमच्याकडेच चार पानी. पार्टनरनं बदाम सांगितलं तर डमीत दोनच पानं. वाट बघा, ते आपोआप चिखलात जातील.